विरार कारशेडमधून आलेलं पत्र

(दृश्य: दादर पश्चिम. जुन्या इमारतीचा जिना, जिन्याखाली टपालपेट्यांची रांग. बँकेची पाकिटं, क्लासची हँडबिलं. एक हात त्यातून पांढरं पाकीट काढतो.)

"स. न. वि. वि.

मी आपली छत्री. गेल्या जुलैत सकाळच्या ८.१२ ला आपण मला रॅकवर आडवं ठेवलंत आणि दादरला उतरलात. राग नाही. गर्दी होती, मी पाहिलं. मी चर्चगेटपर्यंत गेले, तिथून उलटी आले. सध्या मुक्काम विरार कारशेड. इथे आम्ही एकोणीस छत्र्या आहोत. सोसायटी रजिस्टर झाली आहे. चेअरमन लाकडी मुठीचे आहेत. अडचण एकच. शेडला पत्रे आहेत, त्यामुळे पावसात कुणालाच काम नसतं.

लोभ आहेच, तो वाढावा.

ता. क. माझी धाकटी बहीण आपल्या माळ्यावर आहे. तिच्या दोन काड्या मोडल्यात. ७ जूनच्या आत दुकानात आणलीत तर काड्यांचे पैसे घेणार नाही, असं मालक म्हणतात."

(दृश्य: छत्री दुरुस्तीचं दुकान. छताला टांगलेल्या छत्र्या, काऊंटरवर पक्कड आणि तार.)

हे पत्र मी लिहिलं. दुकान काकांचं, म्हणजे सगळा रस्ता त्यांना काका म्हणतो. मेच्या अखेरीला त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "अरे, मोबाइलवर सगळेच ओरडतात. तू घरात जाईल असं काहीतरी लिही." मुंबईत पाऊस पोहोचण्याची तारीख हवामान खातं ११ जून धरतं. आमच्या हातात दोन आठवडेसुद्धा नव्हते.

पत्राने माल विकायच्या धंद्यात एक जुना हिशोब आहे. अमेरिकेतल्या एड मेयर यांनी तो मांडला: यश ४० टक्के पत्र कुणाला जातं त्या यादीवर, ४० टक्के तुम्ही काय देऊ करता त्यावर, आणि उरलेले २० टक्के लिखाण-सजावटीवर. माझं सगळं गमतीदार लिखाण त्या वीसात येतं. ऐकून वाईट वाटतं, पण खरं आहे. काकांकडे जुनी बिलबुकं होती, नाव-पत्त्यांसकट. ज्यांनी कधीतरी छत्री दुरुस्त करून घेतली, पण गेल्या पावसाळ्यात फिरकले नाहीत, अशांची नावं आम्ही काढली. यादी झाली. काड्या फुकट, हे देणं झालं. मग छत्री बोलायला लागली.

आणि इथे एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. टपाल खात्याची 'डायरेक्ट पोस्ट' म्हणून सेवा आहे, तीत पत्ता न घातलेली पत्रकंही घरोघरी वाटून मिळतात. स्वस्त पडतं. पण 'प्रिय रहिवासी' असं लिहिणारी छत्री कोण मानेल? छत्रीला मालक माहीत असतो. कथा जितकी अचाट, तितका पत्ता नेमका लागतो. मजला, खोली, शेवटी ४०० ०२८. जाता जाता: हे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. ते बसवले श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आणि हा टपाल अधिकारी संस्कृतात कविता आणि नाटकं लिहायचा. आकडे आणि कल्पना एका डोक्यात नांदू शकतात, एवढं मला त्यातून पुरलं.

(दृश्य: कागदावर खोडाखोड.)

पहिला खर्डा फसला होता. त्यात छत्री उडून अलिबागला जायची, डॉल्फिनशी गप्पा मारायची, जीपीओच्या कबुतरांवर खटला भरायची. मी खूश होतो. काकांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे विकतंय काय?"

मग आठवली भोपळ्यातली म्हातारी. टुणूक टुणूक. भोपळा रस्त्याने बोलत चाललाय, यावर एकही मराठी मूल आक्षेप घेत नाही. कारण बाकीचं सगळं व्यवहाराला धरून आहे. म्हातारी लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, परत निघते. वाघाला भूक लागलेली आहे. अशक्य गोष्ट एक, बाकी हिशोबाने. म्हणून मी डॉल्फिन काढला, कबुतरं काढली. छत्री लिहू शकते, एवढंच ठेवलं. लोकल खरी, कारशेड खरं, सोसायटी तर मुंबईत श्वासाइतकी खरी. आणि भाषा सरळ. पत्र लिहिणाऱ्याने स्वतः हसायचं नाही, म्हणजे वाचणारा हसतो.

(दृश्य: पिवळं पडलेलं पोस्टकार्ड, बारीक अक्षर.)

तसं पाहिलं तर अद्भुत टपाल आपल्याकडे जुनंच आहे. ज्यांनी ऐंशीचं दशक पाहिलं त्यांना ती कार्डं आठवतील. अमुक देवळात नाग निघाला, माणसाच्या आवाजात बोलला. अशी एकवीस पत्रं लिहा. एकाने लिहिली त्याला लॉटरी लागली, एकाने फाडलं त्याचा धंदा बुडाला. कंपनी नाही, दुकान नाही, बजेट नाही, आणि तरी घराघरात माणसं बसून कार्डं लिहीत होती. कारागिरी म्हणून मी त्याला दाद देतो. पण ते चालायचं भीतीवर. आमच्याही डोक्यात आलं होतं, पाकीट रेल्वेच्या नोटिशीसारखं करावं, लोक लगेच उघडतील. काकांनी मोडता घातला. "वरच्या मजल्यावरच्या आजींना बीपी आहे. त्या नोटीस बघून खाली बसतील." पाकीट साधं पांढरं राहिलं. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता: छत्री, द्वारा काका.

या धंद्यातले लोक सांगतात की पत्रात ताजा कलम आधी वाचला जातो. म्हणून तारीख, दुकान, काड्या, सगळं तिथेच घातलं. हसून झाल्यावर माणसाला माळ्यावर चढायला कारण पाहिजे.

(दृश्य: दुकानाबाहेर पहिल्या सरी. एक आजोबा, काखेत जुनी काळी छत्री.)

लोक आले. काही छत्र्या घेऊन, काही फक्त विचारायला. एकाने गंभीरपणे विचारलं, सोसायटीत जागा आहे का. एक बाई म्हणाल्या, "माझी हरवलेली छत्री फुलाफुलांची होती, ती आहे का त्या एकोणीसात?" काका म्हणाले, "बघून सांगतो."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानात एक पोस्टकार्ड आलं. पत्ता: छत्री, द्वारा काका. मागे शाईच्या पेनाने लिहिलं होतं:

"चि. छत्रीस आशीर्वाद. तुला विसरलो नव्हतो. हात वर नेता आला नाही. चेअरमनना नमस्कार सांग."

(दृश्य: कार्ड काऊंटरच्या काचेखाली. वर पक्कड ठेवलेली.)