म्हातारा डास आणि रॉससाहेबांचं गणित

पंखा मीच बंद करायला सांगितलाय, चिडू नका, कारण कळेल. विषय जाहीर झालाय 'रॉसचं गणित', पण गणित म्हटल्याबरोबर मागच्या दोन रांगा मोबाईलमध्ये गेल्या, म्हणून आधी गोष्ट.

रोनाल्ड रॉस, जन्म 1857, अल्मोडा. लष्करातला डॉक्टर, पण मन सगळं कविता-कादंबऱ्यांत आणि गणितात. 1894 ला लंडनला गेला तेव्हा पॅट्रिक मॅन्सननी त्याला सूक्ष्मदर्शकातून मलेरियाचा जंतू दाखवला, जो लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टरला 1880 मध्येच अल्जेरियात दिसला होता, आणि म्हणाले हा डासात शोध. मॅन्सनची कल्पना काय, तर डास रक्त पितो, पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणूस आजारी पडतो. हसू नका, रॉसने खरंच मेलेले डास पडलेलं पाणी लोकांना पाजलं! तेव्हा एथिक्स कमिटी नव्हती, आम्हाला तर नुसतं बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं तरी चार फॉर्म भरावे लागतात.

मग दोन वर्षं तो चुकीचेच डास फाडत बसला. करड्या रंगाचे, पट्ट्यापट्ट्यांचे, हजारो. मलेरिया पसरवणारा अ‍ॅनाफिलीस त्यात नव्हताच, आणि तेव्हा हे सांगणार कोण? सिकंदराबादचा उकाडा, पंखा लावला तर डासाचे तुकडे उडून जाणार, म्हणून पंखा बंद (आता कळलं ना?), घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले. ऑगस्ट 1897 मध्ये ठिपक्याठिपक्यांच्या पंखांचे थोडे डास हाती लागले, ते हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावायला सोडले, चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा देऊन. 20 ऑगस्टला अशाच एका डासाच्या पोटाच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. तोच जंतू. त्या रात्री गड्याने कविता लिहिली, शास्त्रज्ञाने असं करू नये असं माझ्या गाईडचं मत होतं.

मला हे सगळं अंगावर येतं कारण माझीही पहिली तीन वर्षं डासांची पोटं फाडण्यात गेली. सुईच्या टोकावर पोट, मान अवघडलेली, दिवसभरात शे-दीडशे डास आणि एकातही जंतू नाही. घरी आत्या विचारायच्या, डास मारायला पीएचडी कशाला रे, रॅकेट आण की! आत्यांचं एकवेळ ठीक, पण एका कमिटीत वरच्या साहेबांनी विचारलं, वर्षभरात किती डास मारलेत, आकडा द्या. मी म्हटलं, साहेब, आम्ही डासांचं वय काढतो. ते म्हणाले, म्हणजे मारले नाहीत. अनुदान गेलं. आजही धुराची गाडी गल्लीतून गेली की मला ते साहेबच दिसतात, धूर हवेतले डास मारतो, दोन दिवसांनी नवे हजर.

रॉसला पुढे कलकत्त्यात माणसांवर प्रयोग जमेनात, तर त्याने पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून 1898 मध्ये जंतू डासाच्या लाळग्रंथीत गाठला, म्हणजे मलेरिया पाण्यातून नाही, डास चावल्यानेच होतो. 1902 चं नोबेल. इटलीच्या ग्रासी या शास्त्रज्ञाशी श्रेयावरून भांडण जन्मभर, ते वेगळं व्याख्यान.

काय, दहाच मिनिटं? बरं, गणित. लोक रॉसला म्हणायचे, सगळे डास कसे मारणार? मॉरिशसच्या 1908 च्या अहवालात त्याने मांडलं, सगळे मारायची गरजच नाही, डासांची संख्या एका मर्यादेच्या खाली आली की मलेरिया आपोआप विझतो. पुढे 1950 च्या दशकात जॉर्ज मॅक्डोनल्ड या मलेरियातज्ज्ञाने दाखवलं की संख्येपेक्षा वय महत्त्वाचं. बघा, जंतूला डासाच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा दिवस धरा. शंभर मादी डास (नर चावत नाही, बिचारा फुलांच्या रसावर) एका रुग्णाला चावले. रोज दहा टक्के मेले तर दहा दिवसांनी 35 उरतात. वीस टक्के मेले तर जेमतेम 11, आणि त्यांचं पुढचं आयुष्यही निम्म्याहून कमी, म्हणजे धोका जवळपास सातव्या हिश्शावर, डास मात्र रोज नवे जन्मतातच आहेत! तरुण डास निरुपद्रवी, म्हातारा धोकादायक. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर टेकते, म्हणून भिंतीवर औषध मारलं की ती म्हातारी होण्याआधीच जाते. साचलेलं पाणी काढलं की संख्या घटते, ते रॉसचं, भिंतीवरचं औषध मॅक्डोनल्डचं, दोन्ही...

घंटा झाली का? समीकरण फळ्यावर लिहून ठेवतो, ज्यांना पाहिजे त्यांनी फोटो काढा. आणि कुणीतरी पंखा लावा हो आता.