बेससाठी छोटा ॲम्प: दुकानात काय ऐकायचं

(बडोद्यातल्या संगीतप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. बेस गिटारसाठी छोटा ॲम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारं स्पीकरचं खोकं, कसा निवडायचा यावर बोलणार आहे असं कळल्यापासून ज्यांनी ज्यांनी मला गाठलं, त्यांचा प्रश्न एकच होता: किती वॅटचा घ्यायचा? दांडिया बाजारातले आईवडील असोत, नाहीतर गरब्याच्या बँडमध्ये नुकता शिरलेला कॉलेजचा मुलगा असो, सुरुवात वॅटनेच होते. म्हणून तो प्रश्न आधी निकालात काढू. त्यात अडकलं की पैसे भलतीकडे जातात.

वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तो तीन डेसिबलनं (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) वाढतो, म्हणजे कानाला 'जरासा मोठा' वाटेल इतपतच. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट लागतात दहापट. तेव्हा १५ वॅट आणि ३० वॅट यांच्यातला फरक घरच्या खोलीत फार मोठा नसतो. उलट एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा तीन डेसिबलनं जास्त बोलका असेल, तर तो निम्म्या वॅटमध्ये तेवढाच वाजतो. १९६० साली अमेरिकेत ॲम्पेग कंपनीचा बी-१५ हा बेसचा ॲम्प आला. ताकद पंचवीस-तीस वॅटची, पण स्पीकर पंधरा इंची. स्टुडिओत बेस रेकॉर्ड करणाऱ्यांनी तो पुढे वर्षानुवर्षं वापरला.

घरच्या रियाजाला १५ ते ३० वॅट भरपूर झाले. पेटी-तबल्यासोबत भावगीतांच्या बैठकीत बसायचं असेल तर ४०-५० वॅट आणि दहा इंची स्पीकर असावा. ड्रमसेटसमोर मात्र यातलं काहीच टिकत नाही. तिथे बेस स्टेजच्या साउंड सिस्टिममधूनच जायला हवा, आणि रियाजाच्या ॲम्पकडून ती अपेक्षा धरून जादा पैसे घालू नयेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याला हवाय नैसर्गिक आवाज. म्हणजे काय? माझ्या लेखी त्याचा अर्थ असा की बोट तारेवर कसं पडलं, नखाकडून पडलं की मांसल भागानं, ब्रिजजवळ (तारा जिथे खोडावर टेकतात तिथे) की मानेजवळ, हे ॲम्पमधून जसंच्या तसं कळलं पाहिजे. आणि चारही तारांवरचे स्वर सारख्या वजनाचे आले पाहिजेत.

यात एक मोठी अडचण आहे, ती नीट समजून घेऊ. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार, मोकळी (बोट न दाबता वाजवलेली) ई, सुमारे ४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांनी, वाजते. हवेतली तिची लाट सव्वाआठ मीटर लांब असते, जवळजवळ २७ फूट. एवढी लाट हलवायला स्पीकरच्या पडद्याला खूप पुढेमागे जावं लागतं. स्वर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. आठ इंची स्पीकर छोट्या खोक्यात बसवून हे साधत नाही. कुठल्याही कंपनीचा असो, नाही साधत. दहा-पंधरा हजारांच्या ॲम्पमधून ४१ हर्ट्झचा मूळ स्वर जवळपास येतच नाही.

मग ई तार ऐकू कशी येते? ती कानामुळे ऐकू येते. तार वाजते तेव्हा ४१ सोबत ८२, १२३, १६५ असे तिचे वरचे अंशही वाजत असतात. हे अंश शाबूत पोचले की मेंदू खालचा मूळ स्वर स्वतः भरून घेतो. याचा अनुभव तुम्ही सगळ्यांनी घेतलाय. जुन्या लँडलाइन फोनवरून ३०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच जात नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो फोनमधून येतच नव्हता. तरीही पलीकडे काका बोलतायत की काकू, हे क्षणात कळायचं.

छोट्या ॲम्पची निवड इथेच ठरते. चांगला छोटा ॲम्प ८० हर्ट्झपासून वरचं सगळं प्रामाणिकपणे देतो आणि बाकीचं कानावर सोपवतो. वाईट ॲम्प खालची उणीव झाकायला शंभर-सव्वाशे हर्ट्झचा पट्टा फुगवून ठेवतो. दुकानात पहिल्या मिनिटाला तो भारी वाटतो, 'काय बेस आहे!' असं तोंडून निघतं. घरी आठवडाभर वाजवलं की लक्षात येतं की कुठलाही स्वर धरा, तीच एक ढूम् ऐकू येते. अशा ॲम्पवर रियाज करणाऱ्याची बोटं बिघडतात, असं मी जबाबदारीनं सांगतो. ढूम् फुकट मिळत असली की बोट नीट उमटवायची गरजच वाटत नाही.

म्हणून दुकानात जाताना स्वतःचा बेस घेऊन जा. तिथल्या महागड्या बेसवर सगळेच ॲम्प गोड लागतात. टोनचे सगळे नॉब मधोमध ठेवा. कंटूर नावाचं बटण असेल तर ते बंद करा. ते मधले स्वर खाली दाबून खालचे-वरचे चढवतं, एकट्यानं वाजवताना छान लागतं आणि दुसरं वाद्य सुरू झालं की बेस गायब होतो. आवाज मुद्दाम फाटवणारं ओव्हरड्राइव्हही बंद. आवाज साधारण बोलण्याइतका ठेवा.

आता मोकळ्या ई पासून एकेक फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) चढत बाराव्यापर्यंत जा. सावकाश, एकाच बोटानं, एकाच जोरानं. बडोद्यात याची वेगळी तालीम द्यायची गरज पडू नये. सयाजीरावांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांची गायनशाळा इथे सुरू झाली आणि तीच परंपरा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आजच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीपर्यंत आली आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांत मूल आधी पेटी किंवा तबला शिकतं, मग गिटारकडे वळतं. अलंकार घोटताना प्रत्येक स्वराला सारखं वजन द्यायला गुरुजी सांगतात ना, तेच इथे ॲम्पकडून मागायचं. एखादा स्वर उडी मारून पुढे येतोय का? एखादा खड्ड्यात पडतोय का? एखाद-दुसरा असेल तर चालेल, थोडा दोष खोलीचाही असतो. तीन-चार सलग स्वर फुगत असतील तर तो ॲम्प सोडून द्या.

मग सर्वांत बारीक तारेवर, म्हणजे 'जी'वर, वरच्या फ्रेटवर एखादी ओळ वाजवा. तिथे आवाज पातळ, पत्र्यासारखा व्हायला नको. शेवटी आवाज पाऊणवर नेऊन ई जोरात छेडा. पडदा फडफडला किंवा जाळी, मूठ, खोक्याची कड खरखरली तर ते तिथेच कळेल. ऐकायला एकदा सहा-सात पावलं मागे जा आणि वाजवायला मित्राला सांगा. ॲम्प पायाशी असताना वरचे स्वर गुडघ्यापाशीच राहतात, आपण कितीही कान दिला तरी.

नावं सांगा म्हणाल, तर सांगतो. फेंडरचा रम्बल २५, ऑरेंजचा क्रश बेस २५, हार्टकेचा एचडी२५, हे तिन्ही आठ इंची स्पीकरचे. याच वर्गात माझा कल रम्बलकडे आहे, तो हलका आहे आणि कंटूर बंद ठेवला तर साधा, स्वच्छ बोलतो. थोडे पैसे वाढवता आले तर रम्बल ४० घ्या. दहा इंची स्पीकर, आणि मागे एक्सएलआर लाइन आउट, म्हणजे उद्या बैठकीत तोच ॲम्प साउंड सिस्टिमला जोडता येतो. हा वाढीव खर्च मला पटतो. पन्नास इफेक्ट असलेल्या ॲम्पवरचा वाढीव खर्च पटत नाही. त्यातले पैसे स्पीकरमधून आणि खोक्याच्या लाकडातून कापलेले असतात.

बजेट अगदीच हात आखडणारं असेल, तर लाज न बाळगता हेडफोनवर रियाज करा. बंद कपाचा, तारेचा, बरा हेडफोन ४१ हर्ट्झ आरामात देतो, कारण त्याला खोलीभर हवा हलवायची नसते. ब्लूटूथ मात्र चालणार नाही. बोट आणि आवाज यांच्यात जो उशीर पडतो त्यानं लय मोडते. बेस थेट होम थिएटरच्या लाइन इनपुटला लावणं हाही मार्ग नव्हे. बेसमधल्या साध्या पिकअपला (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाला) जवळपास एक मेगाओम रोधाचं इनपुट लागतं, कमी मिळालं की वरचे अंश मरतात आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो. मुलाच्या गिटारच्या ॲम्पवर हळू आवाजात वाजवलं तर बिघडत नाही, पण आवाज चढवू नका. त्याचा पडदा एवढं हलण्यासाठी केलेलाच नसतो.

ॲम्प घरी आला की खोली बोलायला लागते. आपल्याकडे दहा बाय दहाची खोली सर्रास असते. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून घुमतो, आणि मोकळी ए तार आहे ५५ हर्ट्झची. तिचा पुढचा अंश ११०, तोही त्याच भिंतींत घुमतो. खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांनी. म्हणजे ए तार अंगावर येत असेल तर ॲम्पला दोष देण्याआधी त्याची जागा बदलून पाहा. कोपऱ्यात ठेवला की खालचे स्वर वाढतात. ॲम्प पातळ वाटत असेल तर कोपरा ही फुकटची मदत आहे, घुमत असेल तर दोन-तीन फूट बाहेर ओढा आणि स्टुलावर ठेवा.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा 'जी' स्वर आहे ४९ हर्ट्झ. म्हणजे अर्थिंग नीट नसलेल्या घरात ॲम्प जो 'हूं' करतो तो जवळजवळ जी असतो, आणि त्याच्यावर जी वाजवला की दोन्ही एकमेकांत लडबडतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. प्लगची अर्थची पिन काढून टाकून हूं घालवणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही करू नका. वाजवताना तुमचा हात धातूच्या तारांवर असतो, तिथे जिवाचा प्रश्न आहे.

आणि एक खास आपल्या गावाचं. बडोद्यात पुष्कळ घरांत कुणी ना कुणी अमेरिकेत असतं, आणि येताना ॲम्प आणतं. तिकडची वीज १२० व्होल्टची, ६० हर्ट्झची. तो ॲम्प इथल्या २३० व्होल्टवर लावला तर पहिल्याच दिवशी जळेल. लावण्याआधी मागची पाटी वाचा. '१००-२४०' लिहिलं असेल तर फक्त प्लग बदलायचा. '१२०' एवढंच असेल तर व्होल्ट कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही तीन पिनांचा, अर्थ सोबत नेणारा, आणि पाटीवरच्या वॅटच्या आकड्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त क्षमतेचा. त्याची किंमत आणि वजन धरून हिशेब केला तर अनेकदा इथलाच ॲम्प स्वस्त पडतो. फोनवर भाच्याला हो म्हणण्याआधी हा हिशेब करावा.

जुना ॲम्प घेत असाल तर नॉब फिरवताना खरखर येते का ते ऐका, ती साफ करता येते. जाळी काढता आली तर पडद्याच्या कडेचा रबर किंवा फोम भेगाळलाय का ते पाहा, आणि दोन्ही बाजूंना बोटं ठेवून पडदा अगदी हलक्यानं आत दाबा. आत काही घासल्याचा आवाज आला तर स्पीकर गेलेला आहे, तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

मागे दोन ॲम्प लावून ठेवलेत, एक आठ इंची, एक दहा इंची. ज्यांनी बेस आणलाय त्यांनी पुढे या, ट्यून करून घ्या, आपण ई तारेपासून सुरू करू. बाकीच्यांनी खुर्च्या सोडून मागच्या भिंतीशी उभं राहून ऐकलं तर बरं.