सासूचं कारलं आणि पोरांचा फेर

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण म्हटलं की एक साचा ठरून गेलाय. मोठी बाई बारीक, लाडिक आवाज काढते, मागे कीबोर्डवर घंट्या किणकिणतात आणि कडव्याकडव्याला ससा नाहीतर परी हजर. दुसऱ्या दिवशी आई आवाज कमी करते, आठवड्यात पोरही कंटाळतं. माझं मत विचाराल तर जे गाणं मोठ्यांना सोसवत नाही, ते मुलांनाही फार दिवस पुरत नाही. पुरणारी गाणी आपल्या लोकगीतांत पडून आहेत.

भोंडल्याचं घ्या. आश्विनात पाटावर हत्ती मांडून गिरगाव-दादरच्या चाळींत मुली फेर धरायच्या. आता सोसायटीच्या आवारात मोबाईल स्पीकरला जोडतात आणि त्यावर फेर धरतात. चालायचंच. पण त्या गाण्यांत काय आहे ते ऐका. सून माहेरी जायला निघाली आहे. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव, मग जा. वेल लावला. आता कारल्याला फूल येऊ दे. फूल आलं. कारलं लागू दे. मग भाजी कर, भाजी खा, उष्टं काढ. चार वर्षांच्या पोरीला यात पुढची ओळ आधीच ओळखायची मजा येते. एकेक पायरी वाढत जाणारं गाणं मुलांना पाठ करावं लागत नाही, आपोआप बसतं. आणि तिच्या शेजारी भाजी निवडत बसलेल्या आजीला त्यात ऐकू येते ती परवानगीची टोलवाटोलवी. शेवटी फणी येते, वेणी घातली जाते, राणी माहेराला निघते, तेव्हा दोघी सारख्याच खूश, पण कारणं वेगळी.

वेड्याचं गाणं तर आणखी धीट. बायकोनं केलेल्या करंज्या तो होड्या समजून पाण्यात सोडतो. पोरं खिदळतात. शेवटी बायको पलंगावर झोपलेली असते आणि हा गृहस्थ ती मेली समजून तिला जाळून टाकतो! पोरं तिथेही खिदळतात. मोठ्यांचं हसू मात्र घशात अडकतं. हे कडवं नव्या ध्वनिमुद्रणात ठेवावं का? मी म्हणेन, जरूर ठेवावं. ते काढलं की उरतो नुसता विनोद.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतला लोकगायक वुडी गथ्री यानं 1947 साली मुलांसाठी गाणी ध्वनिमुद्रित केली. साधी गिटार, रोजचा बोलण्याचा आवाज, आवाजात कुठे साखर नाही. आईबापांना त्याचं सांगणं होतं की पोरांकडे बघा आणि ती करतात तसं करा. शिकागोच्या गायिका एला जेन्किन्स यांची 1966 ची प्रसिद्ध रेकॉर्ड तर त्या एक ओळ म्हणतात, मुलं उत्तर देतात, या तत्त्वावरच उभी आहे. आपल्या ध्रुपद धरणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं!

मुंबईच्या पोरांना शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिलं भेटणारं लोकगीत बहुधा कोळीगीत असतं. कागदाची होडी, डोक्यावर टोपली आणि ठेका. ठेक्याचं काही सांगायला नको, त्यावर आजोबांचाही पाय हलतो. फक्त गाणं निवडताना ज्यात ढोलकी खरी आहे आणि गाणारा कोळीवाड्यातल्या बोलीत गातो आहे, असं निवडा. शब्द कळले नाहीत तर मुलं विचारतात, आणि वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं माणूस शेजारी राहत असेल तर उत्तर तुमच्याआधी तेच देईल.

आणि जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्यांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. झोपवायला याहून चांगलं काही नाही: संथ, एका लयीत, आणि मजकूर लेकीचा, भावाचा, पंढरीचा. मूल लयीवर झोपतं आणि मजकुरामुळे तुम्ही जागे राहता, एवढीच अडचण.

एक अडचण यंत्राचीही होती. जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. फेराचं गाणं तर गाणारणी दमेपर्यंत चालणारं! त्यामुळे कडवी कापली गेली आणि तीन मिनिटांची सवय तबकड्या गेल्या तरी राहिली. आज वेळेची काटकसर कुणाला करायची आहे? लांबच्या लांब गाणं सापडलं तर तेच लावा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच ध्वनिमुद्रणात येत नाही, ती म्हणजे खिरापत. गाणी संपली की डबा कानाशी हलवायचा आणि आत काय आहे ते आवाजावरून ओळखायला लावायचं. खुळखुळलं तर दाणे, धप्प वाजलं तर लाडू. मोठ्यांनीही ओळखायला बसायचं, आणि चुकलं तर पोरांनी चिडवलेलं ऐकून घ्यायचं.

नमस्कार.