पोटमाळ्यावरचा मीटर

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी पोटमाळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी एखादं जुनं मोजमापाचं उपकरण असेल. कोणाचे वडील गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, कोणाचे काका रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये, कोणाच्या आजोबांचं गिरगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस गेला, दुकान गेलं, मीटर राहिला. दिवाळीच्या साफसफाईत तो दरवर्षी खाली उतरतो, त्याच्यावरून फडकं फिरतं आणि तो परत वर जातो. दोन खोल्यांच्या घरात चार माणसं राहत असतानाही त्याची जागा कोणी मागत नाही.

आपला जीव अशा उपकरणात कशामुळे अडकलेला असतो, आणि ते उपकरण पुन्हा चालू करायचं तर काय करावं, या दोन्हींबद्दल मी एकत्रच बोलणार आहे. जपायचं काय हे कळलं, की हात कुठे लावायचा आणि कुठे नाही हे ठरतं.

सगळ्यांच्या ओळखीच्या वस्तूपासून सुरू करू. काळा बेकलाइटचा डबा, चामड्याचा पट्टा, आत काटा आणि काट्याखाली आरशाची पट्टी. हा अ‍ॅव्होमीटर. अँपियर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकाडी तीन-तीन वेगळी उपकरणं बाळगून कंटाळले होते; त्यांच्या कल्पनेतून पहिला अ‍ॅव्होमीटर १९२३ मध्ये बाजारात आला. आपल्याकडे दिसतो तो बहुतेक वेळा मॉडेल ८. ते १९५१ मध्ये आलं आणि २००८ पर्यंत बनत राहिलं. सत्तावन्न वर्षं! आजोबांनी वापरलेलं मॉडेल नातवाला नवं कोरं विकत मिळू शकत होतं.

त्या आरशाच्या पट्टीकडे एकदा नीट बघा. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं, की डोळा बरोबर समोर असतो आणि वाचन खरं येतं. म्हणजे हा मीटर वाचणाऱ्याला मान सरळ करायला लावतो. रोज आठ तास असा मीटर वाचणाऱ्या माणसाची एक विशिष्ट वाकण्याची, थांबण्याची ढब तयार होते. घरच्यांना मीटर पाहिला की ती ढब आठवते. माझ्या मते जिव्हाळ्याचं मूळ इथे आहे: ही वस्तू माणसाच्या अंगवळणी पडलेली असते.

त्याला दुसरीही एक बाजू आहे. या उपकरणांच्या कर्त्यांनी पुढे दुरुस्ती करणाऱ्याची आठवण ठेवली होती. टेक्ट्रॉनिक्स कंपनीचे जुने, व्हॉल्व्हचे म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे सीआरओ घ्या; विजेची लहर पडद्यावर दाखवणारं हे उपकरण. एकेकाचं वजन तीस किलोच्या घरात. आतले भाग सिरॅमिकच्या पट्ट्यांवर चांदीचा मुलामा दिलेल्या खाचांत बसवलेले असत. साधं कथील-शिशाचं सोल्डर तिथे पुन्हा पुन्हा वापरलं तर तो मुलामा हळूहळू सोल्डरमध्ये विरघळतो आणि खाच सुटते. म्हणून तिथे सुमारे तीन टक्के चांदी असलेलं सोल्डर लागतं. कंपनी त्या सोल्डरचं छोटं रीळ उपकरणाच्या आतच ठेवून देत असे. वीस-तीस वर्षांनी, भलत्याच गावात, कोणीतरी अनोळखी माणूस हे उघडेल आणि त्याच्या हाताशी हे सोल्डर असलं पाहिजे, एवढा विचार त्यामागे होता. सोबतच्या मॅन्युअलमध्ये संपूर्ण सर्किट असे, जागोजागी किती व्होल्ट आणि कोणत्या आकाराची लहर दिसली पाहिजे तेही असे. कव्हर उघडल्यावर ते रीळ अजून जागेवर दिसलं, तर ते काढून घेऊ नका.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते मला फार आवडतं. ह्यूलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादन म्हणजे १९३९ चा २००ए ऑसिलेटर, म्हणजे विजेची लहर तयार करणारं उपकरण, किंमत ५४ डॉलर ४० सेंट. ऑसिलेटरमध्ये अडचण अशी, की लहर वाढत गेली तर तिचा आकार बिघडतो आणि कमी होत गेली तर ती विझून जाते. बिल ह्यूलेट यांनी तिथे साधा तारेचा छोटा दिवा बसवला. लहर वाढली की तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो आणि लहर आपोआप आवरली जाते. दिवा इतक्या मंद आचेवर चालतो की सहसा जळतच नाही. त्या घराण्याच्या जुन्या ऑसिलेटरमध्ये अनेकदा मूळचाच दिवा सापडतो. चुकून कोणी दुसऱ्या जातीचा दिवा लावला, तर लहर विकृत होते किंवा मिनिटभर झोके घेत राहते.

आता कामाचं बोलू. सगळ्यात मोठी चूक कुतूहलापोटी होते: वीस वर्षांनी उपकरण खाली काढायचं आणि थेट प्लग लावायचा. दोन सेकंदांत धूर निघतो. तो बऱ्याचदा मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या विजेच्या, तारांवर बसवलेल्या पिवळसर, पारदर्शक कवचाच्या कागदी कपॅसिटरमधून, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागातून येतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात याला अजून कंडेन्सरच म्हणतात. त्या कवचाला काळानुसार बारीक चिरा जातात आणि हवेतली ओल आतल्या कागदात शिरते. मुंबईची हवा ही त्याची वैरीणच. तो तपासत बसू नका, सरळ काढून त्याच मूल्याचा एक्स-२ दर्जाचा प्लॅस्टिक फिल्मचा लावा. साधा ४०० व्होल्टचा कपॅसिटर तिथे चालणार नाही; मेन्सवरचे झटके सोसण्यासाठी आणि बिघडला तरी पेट न घेण्यासाठी एक्स-२ वेगळा बनवलेला असतो.

त्याआधी प्लग न लावता करायच्या गोष्टी. मागची पट्टी वाचा: ११५ व्होल्ट की २३०? अमेरिकन उपकरणात हे निवडायचं बटण किंवा जोडणी असते आणि ती मागच्या मालकाने कशी ठेवली असेल याचा भरवसा नाही. वायर वाकवून पाहा. जुनं रबर कडक होऊन तुकडे पडत असेल तर पूर्ण वायर बदला. अर्थिंगच्या पिनेपासून चॅसीपर्यंतचा, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यापर्यंतचा रोध अर्ध्या ओहमच्या आत हवा. वर्कशॉपमधल्या अनेक सीआरओंची अर्थ पिन कोणीतरी मुद्दाम कापलेली असते, म्हणजे प्रोबची, मोजायच्या तारेची, क्लिप कुठेही लावता येते. ती पिन आधी परत जोडा, कारण तशा सीआरओचा सगळा पत्रा मेन्सच्या दाबावर, म्हणजे व्होल्टेजवर, असू शकतो. फ्यूज काढून त्यावरचा आकडा वाचा. फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळलेली सापडली, तर मूळ बिघाड अजून आतच आहे असं समजा.

मग सिरीज बल्ब. साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब उपकरणाच्या मालिकेत जोडायचा. एलईडी चालत नाही. हल्ली तारेचा बल्ब शोधावा लागतो, पण मिळतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, असेल तर हळूहळू दाब वाढवता येतो, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, डिमरस्टॅट मेन्सपासून अलग करत नाही. त्याच्या पलीकडेही शॉक तेवढाच बसतो. दोन, उपकरणात रेक्टिफायर म्हणून, म्हणजे एसीचा डीसी करायला, व्हॉल्व्ह असेल, तर त्याची तार पुरेशी तापेपर्यंत तो वाहतच नाही. डिमरस्टॅट निम्म्यावर येईपर्यंत आत काहीच घडत नाही आणि मग सगळा दाब एकदम कंडेन्सरवर येतो. हळू वाढवल्याचं समाधान मिळतं, उपयोग होत नाही.

म्हणून मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वेगळे करून तयार करावेत. एक पाय मोकळा करायचा, १०० किलोओहम, २ वॅटच्या रेझिस्टरमधून डीसी द्यायचा आणि ५०-५० व्होल्टच्या पायऱ्यांनी कंडेन्सरवर छापलेल्या व्होल्टेजपर्यंत न्यायचा. रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतात ते बघत राहा: १० व्होल्ट म्हणजे १०० मायक्रोअँपियर गळती. आतला ऑक्साइडचा थर पडून पडून पातळ झालेला असतो, तो पुन्हा जमतो तशी गळती उतरते. काही तासांनंतरही रेझिस्टरवर ५० व्होल्टच्या वर राहिले, किंवा कंडेन्सर हाताला गरम लागला, तर तो गेला. हात लावण्याआधी दाब बंद करून तो रेझिस्टरमधून रिकामा करा. सत्तरच्या दशकातल्या ट्रान्झिस्टरच्या सीआरओमध्ये, उदाहरणार्थ टेक्ट्रॉनिक्स ४६५ मध्ये, मोत्याएवढे टँटॅलम कंडेन्सर असतात. ते न सांगता शॉर्ट होतात. तिथे आधी प्रत्येक सप्लायच्या तारेचा चॅसीशी रोध मोजायचा.

पडद्याच्या नळीवर हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते बराच काळ टिकतात. ज्याला याची सवय नाही त्याने तिथे हात घालू नये, जाणकाराला बोलवावं. चालू झाल्यावर ब्राइटनेस कमीच ठेवा. एकाच जागी ठिपका प्रखर राहिला की तिथला फॉस्फर, म्हणजे पडद्याचा चमकणारा थर, कायमचा जळतो.

काट्याच्या मीटरचं तंत्र नाजूक. ओहमच्या रेंजसाठी त्यात सेल असतात. ते गळले असतील तर आधी जात ओळखा: अल्कलाइन सेलच्या पांढऱ्या क्षारावर पातळ व्हिनेगर, जुन्या झिंक-कार्बन सेलच्या गळतीवर खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग दोन्हींवर आयसोप्रोपिल अल्कोहोल. अ‍ॅव्हो ८ च्या वरच्या ओहम रेंजला १५ व्होल्टची छोटी बॅटरी लागते. ती नाही मिळाली, तर ३ व्होल्टचे पाच बटण सेल एकावर एक ठेवून काम होतं. डबा उघडायचा तर लोखंडाच्या कामाची जागा सोडून, धुतलेल्या कपड्यावर. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा एक कण शिरला की काटा अडतो. तो चिकटपट्टीच्या टोकाने उचलावा, चिमट्याने नाही. मूव्हमेंटची, म्हणजे काटा हलवणाऱ्या कॉइलची, तार सलग आहे का हे दुसऱ्या ओहममीटरने तपासू नका. काही मायक्रोअँपियरसाठी बनवलेल्या कॉइलमध्ये मिलिअँपियर घुसतात आणि काटा खिळ्यावर आपटून वाकतो. मीटर दुसरीकडे न्यायचा असेल तर मूव्हमेंटची दोन टोकं तारेने शॉर्ट करा. मग धक्क्याने काटा भरकटत नाही.

रोटरी स्विचचे काळे पडलेले काँटॅक्ट पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा जातो. पोस्टकार्डाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून काँटॅक्टमध्ये धरा आणि ओढा.

हे सगळं करून घरी उपयोग काय, असं विचारलं जातं. जुन्या रेडिओच्या सर्किटवर छापलेले व्होल्ट बऱ्याचदा दर व्होल्टला २० हजार ओहमच्या मीटरने घेतलेले असतात. १० व्होल्टच्या रेंजवर असा मीटर २०० किलोओहमचा भार टाकतो. डिजिटल मीटर टाकतो १० मेगाओहमचा, म्हणजे कितीतरी हलका. त्यामुळे डिजिटलवर वाचन जास्त येतं आणि नसलेला बिघाड शोधण्यात संध्याकाळ जाते. जुना रेडिओ जुन्याच मीटरशी खरं बोलतो.

आता पुसण्याबद्दल. चालण्यासाठी आवश्यक ते बदला, पण खुणा पुसू नका. पांढऱ्या रंगात लिहिलेला खात्याचा नंबर, कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मीटर बरोबर मोजतो का ते जुळवून पाहिल्याच्या, लेबलावरची तारीख आणि सही, रेंजच्या नॉबवर अंगठ्याने झिजलेली बाजू, मॅन्युअलच्या समासात पेन्सिलीने केलेली दुरुस्ती, डब्याच्या आत रंगपेटीच्या ब्रशने घातलेलं नाव. डबा पॉलिश करून लख्ख केला की मीटर नवा दिसतो आणि तो कोणाचा होता ते कळेनासं होतं. चोर बाजारात असे चकचकीत केलेले कितीतरी मिळतील. बदललेला जुना कंडेन्सरही टाकू नका; छोट्या पिशवीत घालून मॅन्युअलमध्ये ठेवा.

पावसाळ्याचं मात्र मनावर घ्या. जूनपासून हवेतली ओल स्विचच्या पातळ पट्ट्यांत शिरते, तिच्यातून बारीक गळती होते आणि मेगाओहमच्या रेंज खोटं बोलू लागतात. ही ओल सप्टेंबरनंतर आपोआप निघते, म्हणून जुलैत कॅलिब्रेशनला हात लावू नका. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या घालून मीटर ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर किंवा ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास सुकवा. मीटर डब्यात ठेवण्याआधी सेल काढलेले हवेत.

दसऱ्याला अवजारांच्या पूजेत मीटर ठेवत असाल तर जरूर ठेवा, त्याचा मान आहे. हळदकुंकू मात्र शेजारच्या ताम्हनात वाहा. ती पूड स्विचच्या फटीतून आत गेली की ओल धरते. प्लॅस्टिकची काच असेल तर कोरड्या फडक्याने घासू नका, स्थिर वीज साचून काटा काचेकडे ओढला जातो. साबणाच्या पातळ पाण्याचा बोळा पुरे. त्या दिवशी सेल घाला, नव्या सेलचे १.५ व्होल्ट वाचून बघा, प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत दहा वेळा फिरवा म्हणजे काँटॅक्ट स्वच्छ राहतात. संध्याकाळी सेल काढा. एका कागदावर तारीख, आलेलं वाचन, काय बदललं आणि हा मीटर कोणाचा होता, कुठे वापरात होता, ते शाईच्या पेनने नको, पेन्सिलीने लिहा, ओलीत शाई पसरते. तो कागद झाकणाच्या आत ठेवून डबा वर ठेवा.