नावामागचा 'को'

नमस्कार मंडळी. चहा झाला असेल तर जरा कान इकडे द्या, आज मी फक्त एका अक्षराबद्दल बोलणारे, ते म्हणजे को. आपल्या 'नको'तला को नाही हं, जपानी को. मिचिको, मासाको, योको, सम्राटांची मुलगी आइको, बायकांच्या नावामागे येतो ना, तोच. को म्हणजे मूल. परत सांगतो, को म्हणजे मूल, लेकरू. लिहायचं चिन्हसुद्धा हात पसरलेल्या तान्ह्या बाळाच्या चित्रावरून आलंय.

आणि मूल म्हणजे लहान, म्हणून जपानच्या उत्तरेला तोहोकुकडे वस्तूंनाही लाडानं को जोडतात, आपण वाटीची वाटुकली करतो तसं. वान म्हणजे वाडगा, वान्को म्हणजे वाटुकली. तिथल्याच इवाते प्रांताचा वान्को सोबा तोच, वाटुकलीत घासभर नूडल्स, संपल्या की वाढणारी बाई लगेच पुढचा घास ओतते, तुम्ही झाकण ठेवेपर्यंत थांबतच नाही. आग्रह म्हणतात तो हा! आपल्याकडे बुफे आला आणि पंगतीतली जिलबी गेली, असो, विषय भरकटला.

तर माझी फजिती सांगतो. पुण्यात संध्याकाळच्या जपानी क्लासला जायचो मी. परीक्षेत उतारा आला, की इ.स. 607 मध्ये ओनो नो इमोको जपानकडून चीनच्या सुई घराण्याच्या दरबारात गेले, सोबत पत्र, उगवत्या सूर्याच्या देशाच्या राजाकडून मावळत्या सूर्याच्या देशाच्या राजाला, आणि ते वाचून चीनचा सम्राट भडकला. आता जपानी क्रियापदाला लिंगच नसतं, गेला का गेली कळणार कसं? मी शेवटचा को बघितला आणि ठोकून दिलं, 'इमोकोबाई बोटीनं गेल्या'. वर सातव्या शतकातल्या स्त्रियांच्या धाडसावर दोन ओळी फुकटच्या! सेन्सेई, म्हणजे आमच्या शिकवणाऱ्या बाई, त्यांच्याही नावात को, पेपर वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, अहो, इमोको पुरुष! तेव्हा को मोठ्या पुरुषांच्या नावात असायचा, सोगा नो उमाको हा बलाढ्य मंत्रीसुद्धा पुरुषच. नवव्या शतकात तो राजकन्यांच्या नावात रुजला, साध्या घरांत यायला मेइजी काळ, म्हणजे 1868 नंतरचा, उजाडला, आणि 1980 नंतर पुन्हा मागे पडला.

मग सेन्सेई स्वतःच्या आजीबद्दल बोलायला लागल्या. आजीच्या नावात को नव्हता, दोनच अक्षरं, तोमे. अर्थ 'थांब'. म्हणजे पोरं पुरे आता. मला एकदम आपली नकोशी आठवली, साताऱ्यात 2011 साली 285 नकोशा मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, आठवतंय ना? तोमेआजीसाठी असा समारंभ कोण करणार? लग्नानंतर माहेरी पत्र लिहिताना तिनं स्वतःच सहीपुढे को लावला, तोमेको. सरकारी नोंदीत शेवटपर्यंत तोमेच, पण पत्रावर तोमेको. सेन्सेईंनी फळ्यावर लिहून दाखवलं, आधी दोन अक्षरं, मग जराशी जागा सोडून ते हात पसरलेलं बाळ.

इमोकोबाईंचे दोन मार्क मात्र कापलेच.