लूपमध्ये मोजायचं कोणी?

श्रोतेहो, नमस्कार. संगणकाकडून एकच काम शंभर वेळा करून घ्यायचं असलं, तरी आज्ञा शंभर वेळा लिहावी लागत नाही. ती एकदाच लिहायची आणि कुठवर चालवायची ते सांगायचं, की झाला लूप. पहिल्याच काही दिवसांत शिकवला जात असल्यामुळे तो विषय तिथेच संपला असं अनेकांना वाटतं. मी मात्र प्रोग्रामिंगची कुठलीही नवी भाषा शिकताना आधी तिचा लूप बघतो. मोजायचं काम भाषेने स्वतःकडे ठेवलंय की प्रोग्रामरच्या गळ्यात टाकलंय, हे तिथे लगेच कळतं.

१९५७ साली आलेल्या फोरट्रानमध्ये ‘डू’ लूप होता. आय हा आकडा एकपासून शंभरपर्यंत वाढव आणि दर वेळी अमुक क्रमांकाच्या ओळीपर्यंतचं काम कर, अशी ती आज्ञा. मोजणी भाषेकडेच. पण यादी रिकामी असली तर? तेव्हाचे बरेच कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्राम, अट शेवटी तपासत. त्यामुळे करण्यासारखं काहीच नसलं तरी एक फेरी होऊन जाई. फोरट्रान ७७ च्या मानकाने हे बदललं: आधी तपासा, मग आत शिरा.

सी भाषेचा मार्ग अगदी वेगळा. तिच्या ‘फॉर’मध्ये तीन जागा असतात: सुरुवात कुठून, कुठवर चालायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर काय करायचं. या जागांमध्ये काय लिहायचं ते सर्वस्वी तुम्ही ठरवता. तिन्ही रिकाम्या सोडल्यात तर लूप आपणहून कधीच थांबत नाही. सी मोजतच नाही. तुम्ही लिहिलेलं फक्त पुन्हा पुन्हा करते. याच मोकळेपणामुळे आकडेच काय, लिंक्ड लिस्टही, म्हणजे प्रत्येक घटक पुढच्याचा पत्ता सांगतो अशी यादीही, त्याच लूपने चालत जाता येते. पण अ‍ॅरे म्हणजे मेमरीतल्या घरांची सलग रांग, आणि इंडेक्स म्हणजे घराचा क्रमांक. दहा घटकांच्या अ‍ॅरेचे इंडेक्स शून्य ते नऊ असतात. ‘दहापेक्षा लहान’ऐवजी ‘दहापेक्षा लहान किंवा दहाइतका’ असं लिहिलं, की लूप अकराव्या घरात पाऊल टाकतो. ते घर अ‍ॅरेचं नसतं, आणि सी तुम्हाला अडवत नाही. मेमरीत तिथे जे असेल ते वाचलं जातं किंवा पुसलं जातं. सुरक्षेची कितीतरी भगदाडं अशाच चुकांतून पडली आहेत. जावाने लूपचा हाच साचा घेतला, पण तिथे हद्द ओलांडताक्षणी एक्सेप्शन येतं, म्हणजे चूक झाल्याचं सांगून काम तिथेच अडवलं जातं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

पायथॉन तर तुम्हाला इंडेक्सही विचारत नाही. यादी द्या, ती एकेक घटक हातात ठेवत जाते. या कल्पनेची मुळं १९७० च्या दशकात आहेत: एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या सीएलयू भाषेत असे एकेक घटक पुरवणारे इटरेटर होते. आकडेच हवे असतील तर पायथॉनमध्ये ‘रेंज दहा’ म्हणायचं. मिळतात शून्य ते नऊ. दहा का नाही, असं नवशिके हमखास विचारतात. १९८२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी एका टिपणात याची बाजू मांडली होती. पहिला आकडा धरायचा आणि शेवटचा सोडायचा, म्हणजे दोन टोकांची वजाबाकी केली की फेऱ्या किती ते कळतं. शून्य ते दहा आणि दहा ते वीस हे टप्पे एकमेकांवर न चढता बरोबर जुळतात. लुआ आणि ज्युलिया मात्र एकपासून मोजतात, आणि एक ते दहा म्हटलं की दहाही धरतात. हास्केलमध्ये तर मुळात लूपच नाही. फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कामाचा तुकडा, स्वतःलाच बोलावतं.

गो भाषेत लूपसाठी ‘फॉर’ हा एकच शब्द आहे, तरी तिलाही त्याचा एक नियम बदलावा लागला. लूपच्या ‘फॉर’च्या ओळीतच घोषित केलेलं व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची नाव दिलेली जागा, सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच असे. प्रत्येक फेरीने नंतर चालणारं एकेक काम मागे ठेवलं, तर ती कामं चालू होईपर्यंत व्हेरिएबल पुढे सरकलेलं असे, आणि बऱ्याचदा सगळ्यांना शेवटचीच किंमत दिसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या १.२२ या आवृत्तीपासून प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं. जावास्क्रिप्टने व्हेरिएबल घोषित करायच्या ‘लेट’ या शब्दात हीच सोय २०१५ मध्ये दिली होती. गोच्या जुन्या प्रकल्पावर काम करत असाल, तर प्रकल्पाची माहिती असलेल्या मॉड्यूल फाइलमधली गोच्या आवृत्तीची ओळ आधी बघा. तिथे १.२१ लिहिलेलं असेल, तर कंपायलर कितीही नवा असला तरी लूप जुन्याच नियमाने चालतो.