बर्फाच्या राणीनं अडवलेलं पाणी

नमस्कार मंडळी! कूलरमधे पाणी भरून, पडदे ओढून बसला असाल तर रेडिओचा आवाज जरा वाढवा, कारण आज मी बोलणारे बर्फावर. म्हणजे बर्फाच्या दुनियेतल्या जादूच्या फिल्म असतात ना, नार्निया, फ्रोझन वगैरे, त्यांच्यावर. मला बरेच जण म्हणतात की बाबा, आपल्या मराठवाड्याचा नि बर्फाचा काय संबंध, आपण बर्फ बघितला तो गोळ्याच्या गाडीवर नाहीतर गारपिटीत. मला हे अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असंय की ह्या फिल्म आपल्या लोकांना फार आतून कळतात, कारण ह्या गोष्टी वरून थंडीच्या दिसतात पण असतात अडवलेल्या पाण्याच्या. परत सांगतो, थंडीच्या नाहीत, अडवलेल्या पाण्याच्या.

हे मला कुणी शिकवलं सांगू? आमच्या गल्लीतल्या एका आजीनं.

2016 चा उन्हाळा. लातूरकरांना त्याबद्दल वेगळं काय सांगायचं, एप्रिलमधे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या गाडीला 10 वॅगन आणि 5 लाख लिटर पाणी. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो रात्रीचा, कधी दहाला कधी दोनला, त्यामुळं संध्याकाळपासूनच घागरी, हंडे, निळे ड्रम सगळे लायनीत लागलेले आणि नंबर जाऊ नये म्हणून घरटी एक माणूस तिथंच बसलेला. पोरं नुसती वैतागलेली. मग कॉलेजातल्या एका पोरानं कुठून तरी प्रोजेक्टर आणला, समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ठोकली, एका घरातनं वायर ओढली आणि लावला नार्निया, हिंदीतला. लोक बसले कशावर तर पालथ्या घातलेल्या रिकाम्या ड्रमवर.

आता पिक्चर 2005 चा, बऱ्याच जणांनी बघितलाय, चार भावंडं कपाटातनं पलीकडं जातात नि तिकडं पांढऱ्या चेटकिणीनं शंभर वर्षं हिवाळा लावून ठेवलेला, नाताळसुद्धा येऊ देत नाही. आजी मधेच विचारतात, ही बाई कोण? पोरं म्हणाली, चेटकीण हाय आजी, तिनं सगळं गोठवून ठेवलंय. आजी म्हणाल्या, नदी बी? हो, नदी बी. मग जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी पाणी हाय तिथं. हिनं बांधून ठिवलंय."

बघा, बाकीचे सगळे लांडगे आणि सिंह बघत होते, ह्या आजी पाणी बघत होत्या.

आणि मग तो सीन आला. नदीवरचा बर्फ तडकायला लागलेला, वरती गोठलेला धबधबा, भावंडं मधोमध अडकलेली, काठावर लांडगे, आणि थोरला भाऊ पीटर तलवार खाली बर्फात रोवतो, सगळे त्याला धरतात नि धबधबा वरनं धाडकन फुटतो. पाणीच पाणी. आजी ड्रमवरनं उठून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अगं माय, पाणी येलालंय की गं!" तर लायनीच्या मागच्या टोकाला ज्यांना पडदा दिसत नव्हता त्यांना वाटलं टँकरच आला, बाया घागरी उचलून पळत पुढं! कळल्यावरही कुणी परत गेलं नाही, तिथंच उभं राहून सगळी गल्ली ती वाहती नदी बघत राहिली. खरा टँकर आला तो ऐन लढाईत. पोरानं पिक्चर थांबवला, सगळ्यांनी पाणी भरलं आणि भरलेल्या घागरी शेजारी ठेवून उरलेला पिक्चर बघितला. मी थेटरात पुष्कळ सिनेमे बघितलेत, असं प्रेक्षक म्हणून बसलेलं गाव मला दुसरीकडं दिसलं नाही.

तर पाणी अडवणारा आणि पाणी सोडवणारा, ही गोष्ट आपल्याकडं किती जुनी आहे, ऋग्वेदात वृत्र पाणी अडवून बसतो आणि इंद्र त्याला मारून नद्या मोकळ्या करतो. फ्रोझनमधे, 2013 चा तो, ऐन उन्हाळ्यात सगळी खाडी गोठते, जहाजं जागच्या जागी अडकतात. ज्या राणीच्या जादूनं हे होतं ती वाईट नाहीय, घाबरलीय, पण पाणी अडलंच ना.

हा बर्फ बनवतात कसा तेही थोडक्यात सांगतो. जुन्या हॉलिवूडमधे कॉर्नफ्लेक्सला पांढरा रंग देऊन उधळायचे, पण त्याचा पायाखाली इतका कुरकुर आवाज व्हायचा की डायलॉग परत रेकॉर्ड करावे लागायचे. म्हणून 1946 मधे इट्स अ वंडरफुल लाईफ करताना आग विझवायचा फेस, साबण नि पाणी एकत्र करून बर्फ केला, आणि ते शूटिंग चाललेलं उन्हाळ्यात! फ्रोझनसाठी डिस्नेनं कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठातल्या गणितवाल्यांना बरोबर घेऊन खास सॉफ्टवेअर केलं, कारण बर्फ भिजल्या पिठासारखा वागतो, दाबला की गोळा होतो नि झटकला की सुटतो, आणि कॉम्प्युटरला ही दोन्ही रूपं एकदम दाखवायला फार जड जातं.

एक मात्र मला बोलायचंच आहे. फ्रोझनच्या दुसऱ्या भागाला हिंदीत प्रियांका नि परिणीती चोप्रानं आवाज दिला, छान झालं, पण असे सिनेमे मराठीत का येत नाहीत? आमच्या आजींना निम्मं पोरांनी समजावून सांगावं लागलं. मराठीत, आणि त्यातलं एखादं पात्र आपल्या लातूर-नांदेडकडचं बोलणारं असलं तर काय मजा येईल! आणि दुसरं, हे सिनेमे मोबाईलवर एकट्यानं बघू नका हो, त्या चार इंचात नदी मावत नाही.

सुट्ट्या चालूच आहेत, एखाद्या रात्री भिंतीवर चादर लावा, गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना पुढं बसवा, पोरांना मागं, आणि त्यांनी काय काय विचारलं ते आम्हाला पत्रानं कळवा, पुढच्या रविवारी मी वाचून दाखवीन. नमस्कार.